गावाकडे 'आज बाजार आहे' म्हणतात, म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न असा की बाजार तर रोजच उघडा असतो, मग गावची मंडळी 'आज आमच्याकडे बाजार आहे' असं का म्हणतात, आणि हाट म्हणजे तेच का?

शहरात बाजार ही जागा असते, गावाकडे तो वार असतो. घोळ एवढाच.

आमच्या गावचा बाजार गुरुवारचा. जागा म्हणाल तर देवळामागचं मोकळं मैदान. बाकी सहा दिवस तिथं पोरं क्रिकेट खेळतात, गुरुवारी सकाळी त्याच मातीवर पोती अंथरली जातात आणि ग्रामपंचायतीचा माणूस पावत्या फाडत फिरतो. आजी तारीख कधी सांगायचीच नाही. 'पुढल्या बाजाराला देते' म्हणजे पुढल्या गुरुवारी. 'दोन बाजार झाले, पोराचा फोन नाही' म्हणजे पंधरवडा उलटला. मजुरांचा आठवड्याचा हिशेब त्याच दिवशी व्हायचा, आणि त्यातूनच दुकानाची उधारी मिटायची. 'आठवडा' या शब्दातला आठही असाच मोजून बघा: हा गुरुवार धरला, पुढचा गुरुवारही धरला, की आठ भरतात. 'आठ दिवसांनी ये' म्हटलं की माणूस त्याच वारी येतो, तो यामुळेच.

आठवडी बाजार, आठवडे बाजार, आठवडा बाजार, तिन्ही एकच. पण हे झालं लिहिण्यातलं. बोलताना नुसतं 'तुमचा बाजार कधी?' असं विचारतात आणि 'बुधवार' एवढंच उत्तर येतं. शेजारच्या गावांचे वार शक्यतो वेगळे असतात, म्हणून सोमवारी एका गावात दिसलेला भेळवाला मंगळवारी दुसऱ्या गावात त्याच कढईसह भेटतो.

बाजार 'भरतो' आणि संध्याकाळी 'उठतो'. मात्र कुणाचा बाजार 'उठवला' म्हणाल तर त्याची पुरती वाट लावली असा अर्थ होतो, तेव्हा जपून. 'बाजार केला' म्हणजे खरेदी झाली. 'बाजार आणला का?' यातला बाजार तर थेट पिशवीतच असतो!

हाट हा शब्द संस्कृत 'हट्ट'वरून आला, बाजार फारसीतून. आमच्याकडे हाट एकटा फारसा ऐकू येत नाही, 'बाजारहाट' या जोडीत तेवढा उरलाय. सातपुड्यात होळीआधीच्या आठवड्यात भरतो तो भोंगऱ्या बाजार. तिथे एरवीचाच आठवडी बाजार ढोल-बासऱ्यांनी सणासारखा दणाणतो.

शहरांनीही हे वार नावात जपलेत. पुण्यात, साताऱ्यात वारांच्या पेठा आहेत. नागपूरकर तर 'पेठ'सुद्धा लावत नाहीत: इतवारी, मंगळवारी, शुक्रवारी. मला ही नावं जास्त आवडतात, कारण गावाकडे बोलतात तशीच ती आहेत. गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मात्र नुसता नावाला उरलेला नाही, अजून जोरात भरतो.

एक सांगतो, गावात कुणाला भेटायला जाणार असाल तर आधी बाजाराचा वार विचारून घ्या. त्या दिवशी दुपारी घरी कुणी सापडत नाही, आणि परतीच्या एसटीत तुमच्या मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी हमखास येते.