घरोट्याचा आवाज मोबाइलमध्ये मावेल का?

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका गावात शिक्षिका आहे. सासूबाई आणि गल्लीतील इतर वृद्ध स्त्रियांच्या तोंडी असलेल्या अहिराणी ओव्या, तसेच श्रावणातील कानबाईची (खानदेशातील देवी) गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा माझा विचार आहे. मुलगा म्हणतो, चांगला मोबाइल हाती असताना वेगळा कॅमेरा आणि रेकॉर्डर म्हणजे पैशांची नासाडी; धुळ्याला फोटो स्टुडिओ चालवणारा भाचा मात्र कॅमेऱ्यावाचून हे काम होणारच नाही असे सांगतो. खर्च बेताचाच झेपेल. काय घ्यावे?

उत्तर : चित्रापुरते बोलायचे तर आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बव्हंशी बरोबर आहे. ओट्यावरच्या उजेडात गाणाऱ्या बाईचा चेहरा आजचा मोबाइल इतका नीट टिपतो की, केवळ त्यासाठी कॅमेरा घेण्याचे कारण उरलेले नाही. अडचण येते ती घरोटा (जाते) मांडलेल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात हा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) ३६ × २४ मिलिमीटरचा असतो; महागड्या मोबाइलमधील तथाकथित ‘एक इंची’ सेन्सर सुमारे १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सात पटींहून लहान. ही उणीव मोबाइल क्षणार्धात अनेक चित्रे घेऊन, ती एकमेकांत जुळवून भरून काढतो खरा. परंतु खुंट्यावर फिरणारा हात त्या जुळवाजुळवीत फिसकटतो. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंची छायाचित्रे काढत, तेव्हा उजेड कुठून आणि किती यावा हे तेच ठरवत. मोबाइल असे निर्णय आपल्याला न विचारता घेतो. चित्रात ते एक वेळ चालून जाते.

आवाजात मात्र चालत नाही, आणि आपले खरे काम आवाजाचे आहे. मोबाइलची ध्वनियोजना मुख्यतः बोलणे स्पष्ट ऐकू यावे यासाठी केलेली असल्यामुळे, अनेक मोबाइल घरोट्याची अखंड घरघर निरुपयोगी गोंगाट समजून दाबून टाकतात. ओवी उरते, पण जिच्या लयीवर ती बेतली आहे ती घरघर जाते. कानबाईच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत वाद्ये दणाणली की मोबाइल आवाजाची पातळी आपोआप खाली ओढतो आणि बायकांचे सूर त्याखाली बुडतात. नेमका त्याच वेळी कोणाचा तरी फोन येतो, हे वेगळेच!

म्हणून भाच्याचा सल्ला तूर्त बाजूला ठेवून हातात मावणारा रेकॉर्डर घ्यावा; कॅमेरा-लेन्सच्या जोडीपेक्षा तो बराच स्वस्त पडतो. त्यावर पातळी हाताने ठरवता येते. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह (WAV) फाइल, म्हणजे आवाज न आवळता जसाच्या तसा साठवणारी फाइल, निवडल्यास तासाला साधारण एक जीबी जागा लागते. रेकॉर्डर जमिनीवर ठेवू नये, घरोट्याचा थरार फरशीतून थेट त्यात शिरतो. दुहेरी घडीच्या गोधडीवर, गाणारीच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवावा आणि पंखा तेवढा वेळ बंद करावा. मोबाइल साध्या तिपाईवर लावून चित्रणासाठी वापरावा. कानबाईच्या दिवशी रात्रीचे चित्रण हवे असेल, तर भाच्याचाच कॅमेरा एका दिवसापुरता मागून घ्यावा.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाआधी गाणारीची संमती घ्यावी, तिचे नाव, गाव, माहेर आणि तारीख तिच्याच आवाजात सुरुवातीला नोंदवावी आणि मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपावी.