जीपचं जुनं इंजिन आधी ताब्यात घ्या

वाईच्या एका वाचकाचं पत्र आहे. वडिलांची १९७४ ची महिंद्रा सीजे-३बी जीप, पेट्रोल, फोर बाय फोर. नोंदणीची मुदत २०१९ मध्ये संपली, वडील २०२१ मध्ये गेले. गेल्या वर्षी गाडी एका गॅरेजला दिली. पत्राकाम आणि रंग झाला, पॉवर स्टीअरिंग आलं, पुढे डिस्क ब्रेक लागले, टायर मोठे झाले आणि जुन्या हरिकेन इंजिनाच्या जागी भंगारात निघालेल्या बोलेरोचं डिझेल इंजिन बसलं. दिवाळीत गाडी घरी आली. ‘पासिंगचं आम्ही बघतो’ म्हणणारा गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. वाचकाचा प्रश्न असा: गाडीला पन्नास वर्षं झालीच आहेत, तर विंटेज म्हणून नोंदवून जुना नंबर राखता येईल का, आणि शनिवार-रविवारी ती महाबळेश्वरला नेता येईल का?

आज ज्या अवस्थेत गाडी आहे, त्या अवस्थेत दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे.

असं विचारणारे तुम्ही पहिले नाही. सगळे जण नियम पन्नास वर्षांच्या अटीपर्यंतच वाचतात आणि अर्ज शोधायला लागतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी ८१-अ पासूनचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण ही अट त्यात आहेच. पण त्याच व्याख्येत पुढे म्हटलंय की वाहन मूळ स्वरूपात राखलेलं हवं आणि चेसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तुमचं प्रकरण या एका वाक्यावर संपतं. रंग कितीही अस्सल असो, बॉनेटखाली बोलेरोचं इंजिन असेल तर तुमची जीप कायद्याच्या लेखी विंटेज नाही.

समजा इंजिन मूळचं असतं, तरी महाबळेश्वर राहिलंच असतं. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. वीस हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांसाठी मिळणारी ही सोय संग्राहकांसाठी आहे. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, हे तुम्ही बरोबर ऐकलंय. फिरायला गाडी हवी असेल, तर तुमचा रस्ता नोंदणीच्या साध्या नूतनीकरणाचा आहे.

आणि त्या रस्त्यावरही हेच इंजिन आडवं येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. आर.टी.ओ. कार्यालयाच्या परवानगीने बदलायचंच असेल, तर कायद्याच्या डोळ्यासमोर आहे ते त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन. बोलेरो महिंद्राचीच आहे, हा युक्तिवाद तुमचा गॅरेजवाला करेल. बनावटीपुरता तो ठीक आहे, पण पेट्रोलच्या जागी डिझेल हा ‘तोच प्रकार’ कसा, हे त्याला विचारा. वेगळ्या इंधनासाठी कायद्यात जी वाट आहे ती मान्यताप्राप्त किटची: सीएनजी, एलपीजी, बॅटरी. भंगारातून उचललेलं इंजिन हे किट होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, केरळमधून आलेल्या जयचंद्र प्रकरणात, मूळ तपशिलाविरुद्धच्या बदलांना नोंदणी मिळणार नाही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं: असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

‘अशा शेकडो जीपा फिरतात’ हे वाक्य तुमच्याही पत्रात आहे. फिरतात, कारण चौकातला हवालदार बॉनेट उघडत नाही. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक उघडतो. त्याचा अहवाल विमा कंपनीकडे जातो आणि मग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर विसराच, जखमीला द्यायच्या भरपाईचा बोजा कोणाच्या डोक्यावर यावर वर्षानुवर्षं सुनावण्या होतात. तुमच्याकडे तर आज चालू विमाच नाही, म्हणजे तो बोजा सरळ तुमच्यावर. श्रीनगरच्या न्यायालयाने २०२२ मध्ये फेरफार केलेल्या महिंद्रा थारच्या मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली, मग चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं आणि गाडी मूळ रूपात आणायला लावली. सगळीकडे असं होईल असं मी म्हणत नाही, पण कायद्याचा रोख कळायला ते पुरेसं आहे.

म्हणून पहिलं काम: जुनं हरिकेन इंजिन कुठे आहे ते शोधा. नोंदणी पुस्तकात आहे तोच नंबर ज्या ब्लॉकवर कोरलाय, तो ब्लॉक. गॅरेजवाले बऱ्याचदा जुनं इंजिन ‘मजुरीत धरून’ ठेवतात आणि कुणाला तरी विकतात. उद्या सकाळी स्वतः जा, फोटो काढा, ब्लॉकवरच्या नंबराचा पेन्सिलने छाप घ्या आणि इंजिन ताब्यात घेतल्याची पावती लिहून घ्या. विकलं असेल तर कोणाला, हेही लेखी घ्या. गाडी सुपूर्द करताना तुम्ही पावतीच्या मागे चार ओळी लिहून घेतल्या असत्या तर हे पत्र लिहावं लागलं नसतं, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

त्याच फेरीत बोलेरोच्या इंजिनाचं बिल मागा. बिल नसेल आणि ते इंजिन उद्या चोरीच्या गाडीचं निघालं, तर प्रकरण आर.टी.ओ. कार्यालयातून पोलीस ठाण्यात जाईल. बिल मिळो न मिळो, ते इंजिन तुमच्या नावावर नोंदवायचा विचार सोडा.

जुनं इंजिन पुन्हा बसवल्यावर तपासायची जागा म्हणजे चेसिस. डिझेल इंजिनासाठी माउंट बोल्टने बसवले असतील तर निघतील. वेल्डिंग करून चेसिस कापली असेल तर निरीक्षक काय म्हणेल ते मी इथून सांगू शकत नाही. चेसिस नंबर सँडब्लास्टिंगमध्ये (जुना रंग-गंज काढायला केलेल्या वाळूच्या माऱ्यात) घासला गेला नाही ना, हे आधी पाहा. मोठे टायर काढा. पॉवर स्टीअरिंग आणि डिस्क ब्रेक यांच्याबद्दल मी खात्री देत नाही. कलम ५२ च्या स्पष्टीकरणानुसार ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत स्वरूपात फरक पाडणारा रचनेतला बदल. चांगले ब्रेक तसे नाहीत, असं मी न्यायालयात म्हणेन. निरीक्षक ऐकेलच असं नाही, म्हणून मूळ ब्रेकचे ड्रम फेकू नका.

कागदांचं थोडक्यात. वडिलांच्या मृत्यूची खबर तीस दिवसांत आणि हस्तांतराचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा होता. तुम्ही वर्षं घालवलीत. आता नमुना ३१ (हस्तांतराचा अर्ज), मृत्यूचा दाखला आणि वारस म्हणून तुमच्या दोन्ही बहिणींची संमती प्रतिज्ञापत्रावर घेऊन जा. आईचीही घ्या. इतक्या जुन्या गाडीची नोंद ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत बहुधा नसेल, म्हणून आधी बॅकलॉग एंट्रीचा, म्हणजे जुनी नोंद त्यात चढवण्याचा, अर्ज द्यावा लागेल आणि त्यातच सर्वांत जास्त वेळ जाईल. नूतनीकरणाच्या उशिरासाठी एप्रिल २०२२ पासून चारचाकीला दरमहा पाचशे रुपये जादा लागतात. पर्यावरण कर वेगळा. वीस वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्कही अलीकडे वाढलंय, तेव्हा एकूण आकडा कार्यालयातच विचारा. सगळं होईपर्यंत जीप अंगणात. तपासणीला न्यायची तरी ट्रेलरवर न्या; मुदत संपलेल्या नोंदणीवर गाडी चालवल्यास कलम १९२ लागतं.

राहिला गॅरेजवाला. पासिंग करून देतो असं त्याने व्हॉट्सअॅपवर लिहिलंय, ते संदेश जपून ठेवा, मोबाइल बदलू नका. कायद्यातल्या ‘डीलर’च्या व्याख्येत वाहनदुरुस्तीचा धंदा करणाराही येतो, आणि डीलरने केलेल्या बेकायदा फेरफाराला शिक्षा जास्त आहे; हे नोटिशीत लिहिलं की फोन बहुधा उचलला जाईल. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. गाडी गेल्या दिवाळीत ताब्यात आली, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या दिवाळीआधी तक्रार दाखल व्हायला हवी. आयोगात तारखा कशा पडतात हे तुम्हाला ठाऊकच असेल; म्हणून आधी वकिलाकरवी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, आणि मागणी पैशांच्या आधी इंजिनाची.