आमच्या गावातल्या हॉलमध्ये बॅडमिंटन क्लब सुरू केलाय, पण नवीन लोक दोन-चार दिवस येऊन बंद होतात. काय करावं?

नवीन माणूस गळतो तो बहुतेक वेळा बाकावर बसून. नवी रॅकेट मांडीवर घेऊन बाई अर्धा तास बसलेली असते आणि कोर्टवर तेच चार जुने गडी तिसरा गेम खेळत असतात. ती उद्या कशाला येईल?

म्हणून आधी नंबर लावायची पद्धत बदला. भिंतीवर फळा लावा, येईल त्याने नाव लिहायचं. 21 गुणांचा एकच गेम, आणि जिंकलेली जोडीसुद्धा बाहेर. हे जुन्यांना झोंबतं, पण यात माघार घेऊ नका. डबल्सच ठेवा, एका कोर्टवर चौघं खेळतात. आठवड्यातले दोन दिवस एका जुन्या खेळाडूने नवशिक्याला जोडीला घ्यायचं.

दुसरी गळती पैशांची. पिसांचं शटल नवशिक्यांच्या हातात पटकन तुटतं, त्यांना नायलॉनचं द्या. दोन-तीन जादा रॅकेट क्लबच्या असू द्या. सकाळी दहानंतर हॉल रिकामा असेल तर तो वेळ बायकांना आणि ज्येष्ठांना कमी वर्गणीत द्या.

मुलांना नंदू नाटेकरांबद्दल जरूर सांगा. सांगलीचा हा माणूस 1956 साली परदेशात विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू ठरला. आपल्याच भागातला खेळाडू म्हटलं की पोरांचे डोळे चमकतात, मी पाहिलंय.

स्पर्धा पहिल्या सहा महिन्यांत नकोच. घेतलीच तर चिठ्ठ्या टाकून जोड्या लावा.