ब्रेस्ट रिडक्शननंतर घरी अँटिबायोटिक दिलं नाही, चालतं का?

तुमचा प्रश्न असा: बहिणीचं पुण्यात ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे स्तनांचा आकार कमी करण्याचं ऑपरेशन झालं, घरी सोडताना फक्त दुखण्याच्या गोळ्या दिल्या. शेजारच्या काकूंना मात्र पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पाच दिवस अँटिबायोटिक होतं. मग हिला का नाही?

मी इथेच भूलतज्ज्ञ आहे. बहिणीला अँटिबायोटिक बहुतेक मिळालेलं असणार, तुम्हाला दिसलं नाही इतकंच. ते आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये शिरेतून देतो. सहसा सेफाझोलिन, २ ग्रॅम. वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३. सर्जन ब्लेड हातात घेण्याआधी सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "अँटिबायोटिक गेलं का? किती वाजता?" मी वेळ सांगते, ती कागदावर चढते, मगच चिरा. औषध त्याआधीच्या ६० मिनिटांत गेलेलं हवं. दोन्ही बाजू करता करता चार तास उलटले तर पुन्हा एक डोस.

सगळी मेख या वेळेत आहे. जंतू बहुतेक आपल्याच त्वचेवरचे, स्टॅफिलोकोकस जातीचे. चिरा पडतो त्या क्षणी औषध तिथल्या मांसात पोचलेलं असावं लागतं. १९९२ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या ऑपरेशनांचे २,८४७ रुग्ण तपासले. चिऱ्याआधीच्या दोन तासांत डोस मिळालेल्यांत जखमेचं इन्फेक्शन ०.६ टक्के, चिऱ्यानंतर तीन तासांहून उशिरा मिळालेल्यांत ३.३.

जखम शिवून झाल्यावर फक्त खबरदारी म्हणून डोस चालू ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनेही अशा स्वच्छ, म्हणजे आधीपासून इन्फेक्शन नसलेल्या ऑपरेशनांसाठी तेच सांगितलं, अगदी जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असली तरी. काकूंच्या पित्ताशयात पू असेल तर त्यांचा कोर्स हा उपचार होता, ती गोष्ट वेगळी. बाकी पाच दिवसांच्या गोळ्या आपल्याकडे पुष्कळदा नातेवाइकांच्या समाधानासाठी लिहिल्या जातात, असं माझं स्पष्ट मत. त्यातून जुलाब मात्र पदरात पडतात.

आता घरी काय बघायचं. स्तनाखाली उभा आणि आडवा टाका मिळतो तिथे आठ-पंधरा दिवसांनी थोडं उकलून पिवळसर पाणी येऊ शकतं. त्या टोकाला रक्तपुरवठा कमी आणि ताण जास्त, म्हणून. बऱ्याचदा ड्रेसिंगवर भरून येतं, पण सर्जनला दाखवा. सिगारेट किंवा मधुमेह असेल तर हे जास्त होतं. ताप, पसरत जाणारी लाली, वाढतं दुखणं किंवा वास येणारा पू असेल तर त्याच दिवशी जा. आणि कुणी मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणली तरी सुरू करू नका. आधी पुवाचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी, पाठवू द्या. गोळी पोटात गेल्यावर कल्चरमध्ये पुष्कळदा काहीच उगवत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळत नाही.