सात महिन्यांनंतरच्या ब्रेकमागचं गणित

अंधेरी एमआयडीसीत सात महिने भरले की कंत्राटी कामगाराला ब्रेक, म्हणजे काही काळ कामावरून कमी करणं, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा तेच मशीन, असं तुम्ही लिहिलंय. कायदा कडक म्हणून परमनंट करत नाहीत का, हा तुमचा प्रश्न. माझ्या मते अर्धं खरं आहे.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात 240 दिवस भरले की कामगार 'सलग सेवेत' धरला जायचा. मग काढायचं तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. म्हणून 240 दिवस भरायच्या आत, सात महिन्यांनी ब्रेक. खरं तर ही भरपाई काही डोईजड नाही. मालक घाबरायचे ते सरकारी परवानगीला. 1976 साली 300 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांत कपातीसाठी ती सक्तीची झाली, पुढे मर्यादा 100 वर आली. मागणी घटली तरी माणसं कमी करता येत नाहीत म्हटल्यावर भरती ठेकेदारामार्फत सुरू झाली. 2000 च्या सुमारास नोंदणीकृत कारखान्यांत पाचातला एक कामगार कंत्राटी होता, आता पाचातले दोन आहेत.

पण कायम चालणारं कामही कंत्राटावर देणं ही निव्वळ पळवाट आहे, आणि तिथे कायद्याला दोष देऊ नका. माणसाला वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवून परमनंटचे हक्क नाकारणं महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने अनुचित प्रथाच ठरवलंय.

स्पर्धेत टिकायला हे लागतं, हे मालकांचं म्हणणंही मला पटत नाही. पॅकिंग लाइनवर डाय (साचा) बसवताना किती घट्ट करायचं ते हाताला कळायला महिने जातात. हात बसला की ब्रेक. नवा मुलगा येतो, रिजेक्शन वाढतं, माल परत येतो. पगारात वाचवलेलं तिथेच जातं.

नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत परवानगीची मर्यादा पुन्हा 300 झाली आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीला कायमइतकाच पगार, वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी आली. मला हा मार्ग ठेकेदारापेक्षा बरा वाटतो, पण करार थेट कंपनीशी हवा.

तोवर गेटपास, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक जपून ठेवा. ब्रेकच्या वेळी 'हिशेब पूर्ण मिळाला' अशा किंवा कोऱ्या कागदावर सही मागतील, ती करू नका. आणि ठेकेदार बदलला तरी सुपरवायझर कंपनीचाच होता का, हे तारखांसकट लिहून काढा. लेबर कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो.