मुरूम काढलेल्या रानात माती परत टाकताना

भाऊ, मुरूम काढून झाला की त्याच पट्ट्यात पुन्हा वावर करायचं म्हणताय, करा. होतं ते. वणी-चंद्रपूरकडं कोळशाच्या उघड्या खाणींत जी रीत आहे तीच आपल्या लातूर-बीडच्या काळ्या रानात चालते: वरची माती आधी उचलून वेगळी ठेवायची, शेवटी तीच वर टाकायची.

पहिली चूक इथंच होते. जेसीबीवाला काळी माती, खालची चुनखडी, मुरूम सगळं एकाच बकेटात ओढतो. वरचा 1 फुटाच्या आतबाहेरचा काळा थर तेवढा आधी काढायला लावा आणि तो निघेस्तोवर तिथून हलू नका. मी एकदा जेवायला घरी गेलो; येऊन बघतो तर ढीग पांढराफटक!

दुसरं, ओल्या मातीला यंत्र लावू नका. मुठीत दाबून बघा, बोटांना चिकटली तर थांबा. ओली काळी माती चाकाखाली गेली की विटेसारखी होते, मग वखर शिरत नाही. उन्हाळ्यातच उरका.

- ढीग छातीपेक्षा उंच नको, आतली माती गुदमरते.
- पाऊस पडला की ढिगावर तागाचं बी फेका.
- माती पसरण्याआधी खालचा दाबलेला मुरूम उकरून सैल करा. हे बहुतेक जण विसरतात, मग पावसाळ्यात पाणी वरच तुंबतं.

पहिल्या वर्षी कापूस-ऊस डोक्यात आणू नका. ताग नाहीतर धैंचा, ही हिरवळीच्या खताची पिकं, पेरा; फुलोऱ्यात आली की मातीत गाडा. खताचं नंतर बघू. आधी ढिगाची जागा आखा, टिप्परच्या वाटेपासून लांब.