कॅनन १३००डी आणि किट लेन्स आहे, बजेट ३५ हजार. नवा मिररलेस घेऊ की वापरलेला फुलफ्रेम?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी. (मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला नव्या धाटणीचा कॅमेरा, फुलफ्रेम म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेला.)

तुम्ही लिहिलंय त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते शेवटचं वाक्य: गणपतीच्या मिरवणुकीत तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा मित्राच्या मोबाइलवर फोटो बरे आले. हा राग मी ओळखतो. लग्नं-मुंजींचे फोटो काढतो त्यामुळे दर सीझनला कोणी ना कोणी पाहुणा मोबाइल नाचवत हेच ऐकवतो. पण रागाच्या भरात बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) बदलली तर पुढच्या गणपतीलाही तसेच फोटो येतील. का, ते सांगतो.

आधी एक बिनपैशाचं काम करा. मिरवणुकीचे फोटो अजून उडवले नसतील तर त्यातले टाकाऊ फोटो एका फोल्डरमध्ये काढा. चांगले राहू देत, आपल्याला वाईटच बघायचेत. कॉम्प्युटरवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं), अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आणि लेन्स किती एमएमवर, म्हणजे किती झूमवर, होती हे सगळं लिहिलेलं असतं. आता एकेक फोटो बघून ठरवा, हा नेमका कशामुळे बिघडला.

शटर १/१५ च्या आसपास आहे, मूर्ती बऱ्यापैकी स्पष्ट आहे आणि ढोलवाल्यांचे हात म्हणजे नुसते फराटे आलेत? मग उजेड कमी पडला. शटर १/५०० आहे, तरी समोरचा माणूस धूसर आणि त्याच्या मागच्या दुकानाची पाटी मात्र कडक वाचता येतेय? तिथे फोकस हुकला. सगळं स्पष्ट आहे, पण हवी ती गोष्ट फ्रेममध्ये मुंगीएवढी आहे? लेन्सची पोच कमी पडली. आणि चौथा ढीग असतो, बहुतेकांचा तोच सगळ्यात मोठा निघतो: तांत्रिकदृष्ट्या काही चूक नाही, फोटोत बघण्यासारखंच काही नाही. त्या ढिगावर दुकानात औषध मिळत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तुमचा पहिला ढीग मोठा असणार, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

१३००डी सोबत येणारी १८-५५ लेन्स एफ/३.५-५.६ आहे. एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं आणि उजेड जास्त. म्हणजे तुम्ही झूम करून ५५ वर गेलात की अॅपर्चर एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाही. एफ/१.८ ची लेन्स त्याच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. हिशोब साधा आहे: ५.६ भागिले १.८ आणि त्याचा वर्ग. मिरवणुकीत तुम्हाला आयएसओ ३२०० ला १/१५ शटर मिळत असेल, तर त्याच जागी, त्याच आयएसओला एफ/१.८ वर साधारण १/१५० मिळेल. आयएसओ ६४०० केलात तर १/३००. टिपरू ढोलावर पडतानाचा क्षण १/१५ ला कधीच थांबणार नाही, १/३०० ला बऱ्यापैकी थांबतो. ६४०० ला थोडे दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो घरातले लोक फ्रेम करून लावतात, हललेला कोणी लावत नाही.

इथे बरेच जण म्हणतात, पण माझ्या लेन्सला आयएस (हादरा सावरणारी सोय) आहे की. आयएस तुमचा हात सावरतं, समोरच्याचा नाही. ताशा वाजवणारा पोरगा हलतोय तो हलणारच.

मोबाइलचं गुपितही यातच आहे. आजकालच्या बहुतेक फोनची मुख्य लेन्स एफ/१.८ च्या आसपास असते, शिवाय नाइट मोडमध्ये फोन पाठोपाठ बऱ्याच फ्रेम काढून त्या एकत्र करतो. सेन्सर नखाएवढा असूनही म्हणून तो बाजी मारतो. तुमच्या कॅमेऱ्याचा १८ मेगापिक्सेलचा सेन्सर त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, पण त्याच्यासमोर उभी केलेली लेन्स फार कमी उजेड आत सोडते.

आता तुमचे दोन पर्याय. नवा कॅननचा मिररलेस म्हणजे आर१०० किंवा आर५०. त्यांच्यासोबत येते ती १८-४५ किट लेन्स आहे एफ/४.५-६.३. पुन्हा वाचा. तुमच्या आत्ताच्या लेन्सपेक्षाही ती कमी उजेड घेते! सेन्सर नवा आहे, २४ मेगापिक्सेल आहे, आर५० चा ऑटोफोकस तर खरोखर सुंदर आहे, माणसाचा डोळा पकडून ठेवतो. पण रात्रीच्या मिरवणुकीत ५-६ च्या अॅपर्चरवर तुम्ही पुन्हा १/१५ ला येऊन उभे राहाल, हजारो रुपये मोजून. त्यातही आर५० लेन्ससकट तुमच्या बजेटमध्ये नवा बसणार नाही.

वापरलेला फुलफ्रेम म्हणजे या पैशात बहुधा ५डी मार्क २ दाखवतील. २००८ चा कॅमेरा. चित्र आजही देखणं येतं, पण त्यात फोकसचे मुख्य पॉइंट नऊच आहेत, तुमच्या १३००डी इतकेच. आणि तुमची १८-५५ ही ईएफ-एस, म्हणजे फक्त लहान सेन्सरच्या कॅनन बॉडींसाठीची लेन्स आहे, ती फुलफ्रेमच्या बॉडीवर बसतच नाही. म्हणजे बॉडीनंतर लगेच लेन्स शोधायला निघणं आलं, तेही खिसा रिकामा झाल्यावर. ६डी (२०१२) कमी उजेडात त्याच्यापेक्षा सरस आहे, मला मनापासून आवडतो, पण लेन्सची अडचण तिथेही तीच.

म्हणून: कॅनन ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम (शांत फोकस मोटरवाली), नवी. २०१५ पासून बाजारात आहे, माउंट (बॉडीला जोडणारी कडी) धातूचं आहे, वजन १६० ग्रॅमच्या आसपास, आणि तुमच्या बजेटचा साधारण तिसरा हिस्सा जाईल. जुनी ५० एमएम एफ/१.८ II सेकंडहँडमध्ये आणखी स्वस्त मिळते, पण तिचं माउंट प्लास्टिकचं आणि मोटर कटकट आवाज करते. चालेल, पण थोडे जास्त घालून एसटीएमच घ्या. पुढे कधी मिररलेसवर गेलात तर अॅडॅप्टर लावून ही लेन्स ऑटोफोकससकट चालते, त्यामुळे पैसे बुडत नाहीत.

तिच्या खोडीही सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्या आठवड्यात मला शिव्या द्याल. झूम नाही, पुढे-मागे पायांनी व्हायचं. तुमच्या कॅमेऱ्याच्या लहान (क्रॉप) सेन्सरवर तिचा कोन फुलफ्रेमच्या ८० एमएमसारखा होतो, म्हणून आपल्या दहा बाय दहाच्या हॉलमध्ये सगळं कुटुंब मावत नाही, भिंतीला पाठ टेकते. घरगुती ग्रुप फोटोला १८-५५ च लावा आणि शक्य असेल तर दिवसाउजेडी काढा. २४ एमएम एफ/२.८ बद्दल कोणी सुचवेल. गोड लेन्स आहे, चपटी, खिशात मावते, पण तुमची किट लेन्स २४ वर जवळपास एफ/४ असतेच, त्यामुळे फायदा दुप्पट उजेडाचा, दहापटीचा नाही.

दुसरी खोड फोकसची. एफ/१.८ वर दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढलात तर स्पष्ट पट्टा जेमतेम ११ सेंटीमीटरचा असतो. नाक ते कान, संपलं. १३००डी च्या नऊ पॉइंटपैकी फक्त मधला क्रॉस टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे, अंधारात तोच भरवशाचा. बाकीचे बंद करून तोच निवडा, जवळच्या डोळ्यावर ठेवा. माणूस पुढेमागे नाचत असेल तर वन शॉटऐवजी एआय सर्वो, म्हणजे माणसामागे फोकस सतत फिरवत राहणारा मोड. आणि दोघं-तिघं फ्रेममध्ये असतील तर एफ/२.८ पर्यंत या. लेन्सला आयएस नाही, त्यामुळे माणूस स्थिर असला तरी शटर १/८० च्या खाली नेऊ नका. हे करायला मॅन्युअल मोडची भीती गेली पाहिजे, ती एका संध्याकाळीत जाते. सोबत रॉमध्ये (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल) फोटो काढायला लागा. या फाइली सुधारायचं डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, दाणे कमी करण्यापुरतं तर नक्की पुरतं.

तुमचा दुसरा ढीग मोठा निघाला, म्हणजे पळणारी पोरं, कबड्डी, बैलगाडा शर्यत असले फोटो हुकलेले असतील, तर मात्र माझं उत्तर बदलेल. तिथे बॉडीच अपुरी पडते. वापरलेला ७०डी बघा: फोकसचे १९ पॉइंट, सगळे क्रॉस टाइप, सेकंदाला ७ फ्रेम, आणि तुमच्या लेन्सही त्याच्यावर चालतात. पैसे पुरले तर ८०डी, त्यात ४५ पॉइंट. तिसरा ढीग मोठा असेल, भिगवणला होडीतून काढलेले रोहित पक्षी गुलाबी ठिपके होऊन आले असतील, तर लांब पोचेची ५५-२५० आयएस एसटीएम लेन्स वापरलेली घ्या. भिगवणला तुम्ही सकाळच्या उन्हात असता, तिथे एफ/५.६ खुपत नाही.

हे वाचणाऱ्या निकॉनवाल्यांसाठी एकच सूचना, कारण दुकानात याच्यावर बरेच जण फसतात: डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. स्वस्त दिसते म्हणून ५० एमएम एफ/१.८डी उचललीत तर फोकस हाताने फिरवत बसाल. एएफ-एस (मोटर लेन्समध्येच असलेली) लिहिलेलीच घ्या, शक्यतो ३५ एमएम एफ/१.८जी.

सेकंडहँड काहीही घेताना, मुंबईत बोरा बाजारातून घ्या किंवा ऑनलाइन कुणाकडून, प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी परत द्या. कोकणातून, किनाऱ्यावरून आलेल्या मालात हे जास्त आढळतं. बॉडी असेल तर एफ/२२ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा. शटर किती वेळा पडलंय ते निकॉनच्या फोटोत नोंदलेलं मिळतं, कॅननच्या बहुतेक बॉडींचं मिळत नाही, त्यासाठी कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने वाचावं लागतं. विकणारा त्याला टाळाटाळ करत असेल तर चहा पिऊन निघा. बिलावरचा सिरियल नंबर बॉडीखालच्या नंबराशी जुळवा.

५० एमएम घेऊन उरलेल्या पैशातून झाकण घट्ट बसणारा हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल आणा, पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत न ठेवता त्यात ठेवा. बाकीचे पैसे पुढच्या गणपतीपर्यंत तसेच राहू देत. तेव्हा काढलेल्या फोटोंचे पुन्हा ढीग करा, कुठला मोठा निघतो ते बघून पुढचं ठरवा.